अठ्ठावीस माणसं आणि सात रात्री

मुखेड तालुक्यातलं एक घर धरून चालू. घर कल्पनेतलं आहे, पण जांबपासून मुक्रमाबादपर्यंत कुठल्याही गावात सापडेल. आई, तिघं भाऊ, तिघी जावा, लग्न झालेले पाच मुलगे, पाच सुना, अजून लग्न व्हायची तीन मुलं-मुली आणि आठ नातवंडं. एकूण 28. शेती सामायिक, मुखेडच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र, एक मुलगा जिल्हा परिषदेत शिक्षक, एक पुण्यात कंपनीत, एक हैदराबादेत. बाहेरचे दोघं सणावाराला येतात. पैशाचे मोठे निर्णय आजही ओसरीवर बसून, थोरल्याच्या तोंडाकडे बघून होतात. आता त्या ओसरीवर एक नवा विषय आला आहे. पुण्याच्या मुलाने कुठल्याशा मॉलमध्ये नाव-नंबर लिहून चिठ्ठी टाकली होती. त्यावरून फोन आला, मग सहकुटुंब बोलावणं आलं, आणि पोरगा म्हणतोय की हॉलिडे क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेऊ, सगळ्या घराला कामाला येईल.

सगळ्या घराला कामाला येईल का, एवढंच तपासायचं आहे. मेंबरशिप चांगली की वाईट हा वाद शहरातल्या चौकोनी कुटुंबांनी पुष्कळ घातला आहे. 28 माणसांच्या घराचा हिशेब वेगळा पडतो, आणि तो फारसा कुणी मांडत नाही.

अशा मेंबरशिपला धंद्यात टाइमशेअर म्हणतात. टाइमशेअर म्हणजे सामायिक विहिरीची पाणीपाळी. विहीर एक, वाटेकरी पुष्कळ, आणि आपला वार आला की पाणी आपलं. फरक इतकाच की सामायिक विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर लागतो. भारतात विकलं जाणारं बहुतेक टाइमशेअर हा केवळ वापराचा हक्क असतो. विकणारा 'मालकी' म्हणतो, पण रजिस्ट्री नाही, फेरफार नाही, भिंतीची एक वीटही नावावर होत नाही. ही कल्पना 1960च्या दशकात युरोपात, आल्प्सच्या डोंगरातल्या बर्फाच्या ठिकाणी रुजली. 1974 साली अमेरिकेत आरसीआय ही कंपनी निघाली आणि एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेण्याची सोय झाली. आपल्याकडे 1986 साली चेन्नईत स्टर्लिंग ही कंपनी सुरू झाली आणि कोडाइकनाल-उटीच्या जाहिराती मध्यमवर्गाच्या घरात पोचल्या. 1996 साली महिंद्रा समूह उतरला. क्लब महिंद्राचं पहिलं रिसॉर्ट मुन्नारचं. आज या धंद्यात आपल्याकडे सगळ्यात मोठं नाव तेच आहे, आणि मराठी माणूस 'क्लब महिंद्रा' हे कंपनीचं नाव कमी आणि मालाचं नाव जास्त म्हणून वापरतो.

विक्रीची रीत ठरलेली आहे. नांदेड किंवा लातूरच्या बऱ्यापैकी हॉटेलचा हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर टाय लावलेला एक मुलगा, पाण्याच्या बाटल्या, मागे पडद्यावर गोव्याचा समुद्र. नवरा-बायको दोघंही हवेत ही अट आधीच फोनवर घातलेली असते, म्हणजे 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट बंद. मुलगा कोरा कागद घेतो आणि विचारतो, गेल्या पाच वर्षांत फिरायला किती खर्च केला? आकडा आपणच सांगायचा. त्याला तो महागाईने गुणतो, पंचवीस वर्षं पुढे नेतो, आणि खाली चाळीस लाखांसारखा काहीतरी आकडा उतरतो. शेजारी मेंबरशिपचे पाच लाख लिहिले की ते चिल्लर वाटायला लागतात. मग साहेब येतात, खास सूट सांगतात, पण सूट फक्त आजच्या सहीला. मागच्या टेबलावर टाळ्या वाजतात, कुणीतरी घेतली म्हणे. या हॉलमध्ये एकत्र कुटुंबाचा माणूस बसला की त्याची पंचाईत होते. त्याला निर्णय घ्यायचा अधिकारच नसतो. ही पंचाईत त्याला पुष्कळदा वाचवते, हा भाग वेगळा.

आता हिशेब. नेहमीचा करार वर्षाला सात रात्रींचा. रिसॉर्टमधल्या घराचे आकार साधारण तीन: स्टुडिओत दोन मोठी आणि दोन लहान मुलं, एका बेडरूमच्या घरात चार मोठी माणसं, दोन बेडरूमच्या घरात सहा. आपण सगळ्यात मोठं, म्हणजे महाग, घर घेतलं असं धरू. सहा माणसं गुणिले सात रात्री, झाल्या 42. या 42 मुक्कामांना 28 ने भागा. येते दीड रात्र. पाच लाख किंवा त्याहून जास्त मोजून, दरवर्षी फी भरून, सगळ्या घराला वर्षाकाठी दीड रात्र.

आणि ही दीड रात्रही कागदावरची. सगळे एकदम जायचे तर एका वेळी चार-पाच घरं एकाच रिसॉर्टमध्ये लागतील. एका मेंबरशिपवर, गर्दीच्या दिवसांत, एकाच तारखेला इतकी घरं मिळणं अवघड. जास्तीच्या खोल्या रोख भाड्यानेच घ्याव्या लागतात. करारातली कुटुंबाची व्याख्या तर आधी वाचावी. नवरा, बायको, मुलं आणि फार तर आई-वडील एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी ती संपते. भाऊ, भावजय, पुतणे हे पाहुणे. त्यांच्यासाठी वेगळी नोंद, कधी वेगळी फी, कधी मेंबरने सोबत असायची अट. ज्या घरात चुलता आणि बाप यांत मुलं फरक करत नाहीत, त्या घराला हा कागद सांगतो की धाकटे काका तुमचे पाहुणे आहेत.

जेवणाचा विषय विक्रीच्या हॉलमध्ये कुणी काढत नाही. खोली मेंबरशिपमध्ये, जेवण वेगळं. बाहेरचं अन्न पुष्कळ ठिकाणी आत आणू देत नाहीत, आणि रिसॉर्ट डोंगरावर असलं की जवळपास खानावळही नसते. दिवसाचं माणशी हजार रुपये धरा, मुलांना निम्मे. वीस मोठ्यांचे वीस हजार, आठ मुलांचे चार हजार. दोन दिवसांचे 48 हजार नुसत्या जेवणाचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय आईला ज्वारीची भाकरी लागते, ती तिथल्या बुफेत असलीच तर मैद्याच्या रोटीशेजारी शोभेला.

आता वेळ. कंपन्या वर्षाचे भाग पाडतात, रंगांची नावं देतात, आणि ज्या रंगात शाळेच्या सुट्ट्या पडतात तो सगळ्यात महाग. आपल्या 28 जणांना एकत्र मोकळीक कधी? शिक्षकाला आणि पोरांना दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं असतं, रब्बीची पेरणी अंगावर असते, आणि भाऊबीजेला लेकी माहेरी येणार असतात. मे महिन्यात लग्नसराई, पाठोपाठ मृगाची तयारी, आणि कृषी केंद्रवाल्याचा तर बी-खताचा खरा हंगामच मेअखेरीला सुरू होतो. शेतकऱ्याला खरी सवड जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा उभा असताना. तेव्हा शाळा चालू. म्हणजे स्वस्त रंगाच्या दिवसांत पोरं मोकळी नाहीत आणि महाग रंगाच्या दिवसांत शेत मोकळं नाही. वर मुखेडहून महाबळेश्वर दहा-बारा तास, गोवा त्याहून लांब. दोन रात्रींच्या सहलीला दोन दिवस प्रवासाचे. आणि सगळेच निघाले तर गोठ्यातल्या जनावरांना वैरण-पाणी कोण करणार? सालगडी ठेवला तरी थोरल्याचा जीव घरात अडकलेला असतो.

पैशाकडे नीट बघितलं पाहिजे, कारण महागाईचा मुद्दा अगदीच खोटा नाही. हॉटेलचे दर वाढत जातात हे खरंच. पण मेंबरशिपमध्ये दरवर्षीची देखभाल फी असते, तीही वाढते, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी पडतो. उदाहरणापुरते पाच लाख एकरकमी आणि पहिल्या वर्षी करासकट वीस हजार फी धरू, दरसाल सहा टक्के वाढीने. पंचविसाव्या वर्षी ही फी 81 हजारांच्या आसपास जाते. पंचवीस वर्षांची नुसती फी सुमारे अकरा लाख. मूळ रक्कम धरून सोळा लाख, 175 रात्रींसाठी. म्हणजे रात्रीला नऊ हजारांच्या वर. एवढ्यावर सहा माणसं राहतात, म्हणून दर भयंकर म्हणता येणार नाही. चार-सहा जणांच्या, दरवर्षी न चुकता फिरणाऱ्या घराला तो परवडूही शकतो.

पण तेच पाच लाख जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर व्याज वर्षाला 35 हजार. न भरलेली फी वीस हजार. झाले 55 हजार. तीन हजारांची बरी खोली धरली तर अठरा खोल्या. नऊ खोल्या, दोन रात्री, अख्खं घर. आणि मुद्दल जागच्या जागी, पोरीच्या लग्नाला किंवा बोअर आटलं तर मोडायला मोकळं. व्याज वाढत नाही आणि खोली महाग होत जाईल, हे कबूल. तरी दहा वर्षांनी मुद्दल हातात असलेलं घर आणि उरलेल्या पंधरा वर्षांची फी डोक्यावर असलेलं घर, यात मला तरी पहिलं परवडलेलं दिसतं.

फी ही शेतीवाल्या घराची खास अडचण. पगारदाराला वर्षं सारखी असतात. मराठवाड्यातल्या शेतीला नसतात. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षी कुणी फिरायला जात नाही, फीचं बिल मात्र येतं. नाही भरलं तर बुकिंग बंद, आणि साचलेल्या रात्री पुढे नेता येतात त्यालाही मुदत. पहिल्या दोन-तीन वर्षांत हौसेने वापर, मग फी थकते, मग फोन येतात, मग फोन उचलणं बंद: बऱ्याच मेंबरशिपांचा प्रवास असाच झालेला ऐकू येतो.

इथे महाराष्ट्राचा स्वतःचा एक जुना घाव आहे, आणि तो टाळून हा आढावा पुरा होत नाही. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने वर्षानुवर्षं 'हॉलिडे' योजना विकल्या. कागदावर माणूस हॉटेलच्या रात्री विकत घ्यायचा. प्रत्यक्षात पैसे भरणाऱ्यांतल्या बहुतेकांना कुठल्याही हॉटेलात राहायचं नव्हतं. मुदत संपली की न वापरलेल्या रात्रींचे वाढीव पैसे परत मिळतील, हे खरं आकर्षण. एजंट ओळखीचा, कधी नात्यातला. हप्ता खिशाला झेपेल असा. सेबीने 2014 मध्ये अंतरिम आदेश काढून नवे पैसे घ्यायला मनाई केली, आणि 29 फेब्रुवारी 2016 च्या आदेशात ही विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं सांगून पैसे परत करायला फर्मावलं. रक्कम 7,035 कोटी, गुंतवणूकदार 51 लाखांच्या वर. 2015 मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स यांच्यावरही असेच आदेश निघाले होते. त्यांचाही माल म्हणजे हॉलिडे प्लॅनच. परतफेडीची वाट बघत माणसं थकली, प्रकरणं न्यायाधिकरणांच्या पायऱ्या चढत राहिली.

सगळं टाइमशेअर म्हणजे पॅनकार्ड, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जिची रिसॉर्टं खरीच उभी आहेत, जी फक्त राहण्याचा हक्क विकते आणि पैसे परत देण्याची भाषा करत नाही, ती कंपनी वेगळ्या जातीची. पण गावात अजूनही 'हॉलिडेवाले' म्हटलं की लोकांना हप्त्याचं पुस्तक आठवतं, आणि ती आठवण एका परीने उपयोगी आहे. विकणाऱ्याच्या तोंडून 'वापरलं नाही तर पैसे वाढून परत' हे वाक्य निघालं की तिथेच उठावं. 'ही गुंतवणूक आहे' हे त्याचंच सौम्य भावंड. दहा वर्षं वापरलेली मेंबरशिप विकायला काढून बघा. घेणारा मिळालाच तर मूळ किमतीच्या एका तुकड्याला मागतो, आणि नाव बदलायची फी कंपनी वेगळी घेते.

कायद्याचा आधार किती? टाइमशेअरसाठी वेगळा कायदा भारतात नाही. युरोपीय संघाच्या 2008च्या नियमांनुसार सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि त्या मुदतीत विकणाऱ्याला आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे अशी मुदत कंपनी करारात लिहील तेवढीच, म्हणून सही करण्याआधी तेच कलम शोधावं. मात्र 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मुखेडच्या माणसाची एक मोठी सोय केली आहे. कंपनीचं कार्यालय चेन्नईत असो की मुंबईत, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. करारात 'वाद लवादाकडेच' असं छापलेलं असतं म्हणून घाबरायचं कारण नाही. तेवढ्या कलमाने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. तोंडी दिलेली आश्वासनं मात्र आयोगापुढे सिद्ध करणं जड जातं. 'दिवाळीला खोली नक्की' म्हणतोस ना, मग व्हॉट्सअॅपवर तेवढं लिहून टाक, असं त्या टायवाल्या पोराला म्हणून बघावं.

माझ्या मते या घराने सगळ्यात जास्त विचार करावा तो वाटणीचा. पंचवीस वर्षं म्हणजे आजच्या पाच वर्षांच्या नातवाच्या लग्नाचं वय. एवढ्या काळात एक चूल एकच राहील, असं ओसरीवरचा कुणीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. वाटणी झाली की जमिनीचे गुंठे करता येतात, दुकानाची किंमत लावता येते, सोनं तोलता येतं. मेंबरशिप एकाच्या नावावर असते. पैसे सामायिक गल्ल्यातून गेलेले, कार्ड पुण्याच्या पोराच्या नावाचं, आणि वापर बहुतांशी त्याचा, कारण बुकिंगचं अॅप त्याच्या मोबाइलवर आणि सलग सुट्टीही त्यालाच. थोरल्या जावेच्या मनात हे पहिल्या वर्षीच येतं, ती बोलते दहाव्या वर्षी. म्हणून ओसरीवर ठरवायचं एकच: सामायिक पैशातून ही मेंबरशिप घेऊ नये. पुण्याच्या पोराला स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या चौघांसाठी घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी. तो दरवर्षी फिरतो, चार-सहा महिने आधी रजा टाकू शकतो, लोणावळा-महाबळेश्वर त्याला दारात आहे. माल त्याच्या मापाचाच बनलेला आहे. वर्षातल्या एखाद-दोन रात्री त्याने आजीला नेलं तर सोन्याहून पिवळं.

मग 28 जणांनी जायचं कसं? या घरांनी ते आधीच शोधून ठेवलं आहे, फक्त त्याला सुट्टी म्हणत नाहीत. देवाला जातात. शेगावला गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली आणि महाप्रसाद मिळतो. पंढरपूर, अक्कलकोट, तिरुपती इथे मोठ्या कुटुंबाची सोय गृहीतच धरलेली असते. मोठ्या खोलीत गाद्या टाकल्या की माणशी हिशेब कुणी विचारत नाही. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेता येते, सगळे एकाच बसमध्ये. एमटीडीसीची निवासं गणपतीपुळे, तारकर्ली, चिखलदरा इथे आहेत, भाडं रात्रीचं आणि नातं तेवढ्यापुरतंच. कोकणात आणि महाबळेश्वर-पाचगणीकडे अख्खे बंगले मिळतात, स्वयंपाकीण सांगितली तर भाकरी-पिठलंही होतं. आणि अगदी जवळ देगलूरकडे होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं, कंधारचा किल्ला, उदगीर, बीदर. पावसाळ्यात किनवटकडे सहस्रकुंड. डबे बांधून सकाळी निघालं की रात्री घरी, गोठाही सांभाळून होतो.

पैसे साठवायला बायकांची भिशी ठाऊक आहेच. घरातल्या आठ कमावत्या माणसांनी महिन्याला प्रत्येकी सहाशे रुपये टाकले तर वर्षाला 57,600 जमतात. खातं टपाल कार्यालयात किंवा बँकेत, दोन नावांनी, त्यातलं एक नाव सुनेचं असावं. दुष्काळाच्या वर्षी जाऊ नका, रक्कम पुढे ओढा. यात कुणी फीसाठी फोन करत नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांचं गणित थोडं निराळं. अमेरिकेतल्या टाइमशेअरात दोन-तीन बेडरूमची, पूर्ण स्वयंपाकघर असलेली घरं मिळतात, आठ-दहा माणसं मावतात, कुकर लावता येतो. भारतातून आई-वडील आणि बहिणीचं कुटुंब आलं की ते सोयीचं पडतं. पण तिथले काही जुने करार बेमुदत आहेत, फीचं ओझं वारसांकडे जाण्याची भीती असते, आणि त्यातून सुटका करून देतो म्हणणाऱ्या दलालांचाच एक धंदा उभा राहिला आहे. स्पेनमध्ये कायद्याने पन्नास वर्षांची कमाल मर्यादा घातली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेमुदत करार रद्द ठरवायला सुरुवात केली. न्यू जर्सीतला पुतण्या 'काका, आमच्याकडे सगळे घेतात' म्हणाला तर त्याचा करार किती वर्षांचा, एवढं विचारावं.

ज्यांच्या घरात मेंबरशिप येऊन पडलीच आहे, त्यांनी फी बंद करण्याआधी करार काढून तीन गोष्टी बघाव्यात. स्वेच्छेने परत करण्याचं कलम आहे का आणि किती कापतात. साचलेल्या रात्री कोणत्या तारखेला बुडतात. आणि नाव बदलायला काय लागतं. कलम असेल तर अर्ज पोचपावतीच्या टपालाने पाठवावा, फोनवर सांगून सोडू नये. रात्री शिल्लक असतील तर त्या जानेवारीत टाकाव्यात, आईला आणि थोरल्या काका-काकूंना पाठवावं. हरभऱ्याची राखण चार दिवस धाकटे करतील.